थ्रीडी टीव्ही: आठ महिने घरात वापरल्यानंतर

मामेभावाने गेल्या गणपतीच्या आधी नवा फोर-के टीव्ही घेतला आणि त्याचा २०१२ सालचा ४६ इंची थ्रीडी टीव्ही मी नऊ हजारांना घरी आणला. सोबत दोन चष्मे, थ्रीडी ब्लू-रे प्लेअर आणि सात डिस्क. थ्रीडीचं वेड मला शाळेत असताना 'छोटा चेतन' पाहिला तेव्हापासूनचं. आमची अख्खी रांग हात पुढे करून हवेत काहीतरी पकडायला बघत होती, त्यात मीही होतो. तो आनंद घरी, हवा तेव्हा मिळावा एवढीच इच्छा होती. आता आठ महिने झाले. टीव्ही ठणठणीत आहे, चित्र अजूनही सुंदर आहे, आणि थ्रीडीचं बटण मी महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी दाबतो. असं का झालं ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं. जगभर ज्यांनी हे टीव्ही हौसेने घेतले, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरीही थोड्याफार फरकाने हेच झालं असणार.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. समुद्राखालच्या माहितीपटाची एक डिस्क आहे. पाण्यात तरंगणारे बारीक कण एरवी आपल्याला दिसतही नाहीत. थ्रीडीत ते हॉलभर पसरतात आणि त्यांच्या मधून मासा सावकाश पुढे येतो. टीव्हीच्या जागी काचेची पेटी ठेवली आहे असं वाटतं. सातवीतली आमची मुलगी चष्मा काढून, पुन्हा लावून, पुन्हा काढून बघत होती. पहिल्या रविवारी आम्ही ती डिस्क लागोपाठ दोनदा पाहिली.

अडचण सुरू झाली ती ट्यूबलाईटपासून. हा टीव्ही ॲक्टिव्ह शटर प्रकारातला. पडद्यावर डाव्या डोळ्याचं चित्र, मग उजव्या डोळ्याचं, असं आळीपाळीने येतं आणि चष्म्याच्या काचा त्याच तालावर उघडझाप करतात. प्रत्येक काच सेकंदाला साधारण ६० वेळा. आमच्या हॉलमध्ये जुनी चोकवाली ट्यूब होती. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असते. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. पण ६० ची उघडझाप आणि १०० ची लुकलुक यांचा मेळ बसत नाही, आणि चष्म्यातून टीव्हीमागची भिंत, पडदे, घड्याळ सगळं थरथरायला लागतं. दहा मिनिटांत कपाळ जड होतं. उपाय एकच, ट्यूब बंद करायची.

आता संध्याकाळी साडेसातला आमच्या हॉलमध्ये काय चाललेलं असतं ते सांगतो. आई मेथी निवडत असते. बाबा शब्दकोडं सोडवतात. मुलगी दिवाणावर वह्या पसरून गृहपाठ करते. बायको नुकतीच ऑफिसमधून आलेली असते, चहा घेता घेता बहिणीशी फोनवर बोलते. टीव्ही या सगळ्यांच्या मधोमध चालू असतो आणि जो तो हातातलं काम करता करता त्याच्याकडे बघतो. दिवा घालवला की ही सगळी कामं थांबतात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी हौसेने थांबवलीही. दुसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "एवढी भाजी निवडून होऊ दे, मग लाव तुझं ते." भाजी झाली तेव्हा पोळ्यांची वेळ झाली होती.

मी ट्यूब बदलली, चांगल्यातली एलईडी लावली. थरथर गेली, पण मग उजेडाचा दुसरा प्रश्न दिसला. प्रत्येक डोळा निम्मा वेळ झाकलेला, शिवाय काचेतला ध्रुवक, म्हणजे ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच पुढे सोडणारा थर, आणखी प्रकाश खातो. मिळून निम्म्याहून बराच जास्त प्रकाश चष्म्यातच जातो. चित्र संध्याकाळच्या ढगाळ हवेसारखं दिसतं आणि हॉलमध्ये दिवा असला तर आणखीनच फिकं. थेटरात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे अंधार आधीपासूनच असतो आणि माणूस तिकीट काढून अंधारात बसायलाच गेलेला असतो.

चष्म्यांचा हिशोबही घरात जुळत नाही. आम्ही पाच जण, चष्मे दोन. थेटरवाले दारात चष्मा देतात आणि जाताना परत घेतात. घरी तो आपणच विकत घ्यायचा. २०१० मध्ये हे टीव्ही अमेरिकेत आले तेव्हा एका ॲक्टिव्ह चष्म्याला दीडशे डॉलरच्या आसपास मोजावे लागत होते, आणि एका कंपनीचा चष्मा दुसऱ्या कंपनीच्या टीव्हीला चालत नव्हता. पॅनासॉनिक, सॅमसंग, सोनी आणि थ्रीडी चष्मे बनवणारी एक्सपँड यांनी सगळीकडे चालेल असा एकच चष्मा काढायचं ठरवलं ते ऑगस्ट २०११ मध्ये, पहिला हंगाम निघून गेल्यावर. त्याच वर्षी एलजीने पॅसिव्ह टीव्हीवर भर दिला. त्यात चष्मा हलका, स्वस्त, बिनसेलचा, उघडझाप नाही. मात्र पडद्याच्या ओळी दोन डोळ्यांत वाटल्या जातात, त्यामुळे १०८० पैकी ५४० ओळीच एका डोळ्याच्या वाट्याला येतात. तरी मला विचाराल तर घरासाठी तोच प्रकार जास्त समजूतदार होता. मी तिसरा चष्मा शोधायला दीड महिना घालवला. मिळाला तो जुन्या मालातला, आणि माझ्या नंबरच्या चष्म्यावर बसवला की तासाभरात नाकाच्या दोन्ही बाजूंना वळ उठतात.

बाबांची गोष्ट मला लागली. त्यांच्या उजव्या डोळ्याला लहानपणापासून कमी दिसतं, ज्याला आळशी डोळा म्हणतात तो प्रकार. चित्राची खोली, म्हणजे काय पुढे आणि काय मागे, हे कळण्यासाठी दोन्ही डोळ्यांची चित्रं मेंदूत एकत्र यावी लागतात. त्यांच्या बाबतीत ती येतच नाहीत. तीन रविवार ते चष्मा लावून आमच्यासोबत बसले, छान छान म्हणाले. चौथ्या रविवारी मी विचारलं, मासा किती पुढे आला वाटतो? ते म्हणाले, "मला साधाच दिसतो रे, जरा अंधारा. तुम्ही खूश होतात म्हणून बसलो." असे डोळे असणारी माणसं पुष्कळ घरांत असतात आणि त्यांना स्वतःलाही ते बरेचदा ठाऊक नसतं. थेटरात न जाणारा माणूस घरी थांबू शकतो. घरातल्या टीव्हीसमोरून उठून त्याने कुठे जायचं?

मग मला चित्राच्या खोलीबद्दलच शंका यायला लागली. थेटरात जो डोंगर मैलभर दूर वाटतो, तो घरी पुठ्ठ्यावर कापून ठेवल्यासारखा का दिसतो? एका दृश्यावर डिस्क थांबवली, चष्मा काढला आणि पडद्याला स्टीलची पट्टी लावली. चष्म्याशिवाय डोंगराच्या दोन कडा दिसतात, एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्यासाठी. दोन्हींमधलं अंतर भरलं ६ मिलिमीटर. आपल्या दोन डोळ्यांत अंतर असतं सुमारे ६५ मिलिमीटर. दहा फुटांवर बसून साधी त्रिकोणांची भूमिती केली की उत्तर येतं: तो डोंगर टीव्हीच्या मागे जेमतेम फूटभर अंतरावर उभा आहे. आमच्या भिंतीच्या आत. हेच दृश्य दहा मीटर रुंद पडद्यावर गेलं की ६ मिलिमीटरचे साधारण ६० होतात, दोन्ही डोळे जवळपास समांतर होतात आणि डोंगर खरोखर लांब जातो. चित्रपट त्या पडद्यासाठी मोजूनमापून बनवलेला असतो. घरी येताना त्याची लांबी-रुंदी कमी होते हे आपण धरूनच चालतो, पण खोली तर त्याहून जास्त चेपली जाते. पुढे सरकून पाच फुटांवर बसलो, तर चित्र मोठं झालं आणि डोंगर आणखी जवळ, अर्ध्या फुटावर आला. म्हणून माणसं बाहुल्यांसारखी वाटतात. दहा फुटांवरून ४६ इंचांचा पडदा नजरेचे जेमतेम १९ अंश व्यापतो, बाकी सगळा आपला हॉल असतो.

जे पडद्याबाहेर येतं त्याचा त्रास वेगळा. हात समोर पाच फुटांवर आला की दोन्ही डोळे त्याच्याकडे तिरके वळतात, पण नजरेचा फोकस दहा फुटांवरच्या पडद्यावरच राहतो. एरवी या दोन गोष्टी एकत्र हलतात. इथे त्यांची ताटातूट होते. मला चाळीस मिनिटांनंतर भुवयांच्या मधे ओढ जाणवते, बायकोला वीस मिनिटांतच. आणि तो हात टीव्हीच्या कडेने कापला गेला की डोळ्यांना कळेनासं होतं: हात पुढे आहे म्हणावं, तर मागची चौकट त्याला कशी झाकते?

आणि एक गोष्ट, जी दुकानात कुणाच्या लक्षातच येत नाही. आम्ही रात्री टीव्ही आडवे होऊन बघतो. कुशीवर, हाताची उशी करून, लोडावर मान टाकून. थ्रीडीतली दोन चित्रं आडव्या दिशेने सरकवलेली असतात, कारण डोळे आडव्या रेषेत असतात. कुशीवर वळलं की डोळे एकावर एक येतात आणि सगळं मोडतं. माझ्या चष्म्यातून तर चित्र काळपट होतं आणि प्रत्येक वस्तूला सावलीसारखी दुसरी कडा दिसते. मान ताठ ठेवून बसायचं, तेही दिवसभराच्या कामानंतर. जमत नाही.

हे सगळं सोसून बघायचं काय, तर माझ्या सेट-टॉप बॉक्सवर थ्रीडीचं एकही चॅनेल नाही. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' हा मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट आला, तो मी थेटरात पाहिला होता. घरी थ्रीडीत बघावा म्हणून डिस्क शोधली, मिळाली नाही. जिथे चॅनेलं निघाली तिथेही ती टिकली नाहीत. डिसेंबर २००९ मध्ये 'अवतार' हा थ्रीडी चित्रपट आला, पाठोपाठ २०१० मध्ये टीव्ही बाजारात आले. ईएसपीएनने ११ जून २०१० ला फुटबॉल विश्वचषकाच्या दक्षिण आफ्रिका-मेक्सिको सामन्याने थ्रीडी वाहिनी सुरू केली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये बंद केली. ब्रिटनमध्ये स्कायची थ्रीडी वाहिनी २०१० मध्ये आधी पबमध्ये, मग घरांत आली आणि २०१५ मध्ये आवरली. बीबीसीचा अनुभव मला सगळ्यात बोलका वाटतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा थ्रीडीत होता. तेव्हा ब्रिटनमध्ये सुमारे १५ लाख घरांत असे टीव्ही होते, त्यातल्या निम्म्या घरांनीच तो थ्रीडीत पाहिला. वर्षातला सगळ्यात मोठा सोहळा, टीव्ही घरात, चष्मे घरात, आणि तरी निम्म्या लोकांनी चष्मा लावला नाही. पुढच्याच वर्षी बीबीसीने थ्रीडी कार्यक्रम थांबवले.

खेळांचं तर दुहेरी दुखणं होतं. सामना आपण उंचावरच्या, लांबच्या कॅमेऱ्यातून बघतो, कारण तिथून मैदान कळतं. पण तेवढ्या लांबून खोली जवळजवळ उरतच नाही. थ्रीडीला कॅमेरा हवा खाली, खेळाडूंच्या जवळ, आणि दृश्यं हवीत सावकाश बदलणारी. म्हणजे एकाच सामन्यासाठी वेगळे कॅमेरे, वेगळी माणसं, वेगळं चित्रण. मोजक्या घरांसाठी एवढा खर्च कोण किती वर्षं करणार? सॅमसंगने २०१६ च्या नव्या टीव्हींमधून थ्रीडी काढलं, एलजी आणि सोनीने २०१७ मध्ये.

तरी मी हा टीव्ही विकणार नाही, आणि त्याचं कारण सिनेमा नाही. डिसेंबरात आम्ही चिपळूणजवळच्या आजोळी गेलो होतो. ते घर आता विकायचं ठरतंय. मी फोनवर एक फोटो काढायचो, मग फोन तसाच सरळ धरून अडीच इंच उजवीकडे सरकवून दुसरा. घरी येऊन संगणकावर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून एक चित्र केलं, पेन ड्राइव्हवर घातलं आणि टीव्हीला थ्रीडी लावायला सांगितलं. ओटी, झोपाळ्याच्या कड्या, मागे उघडं दार, दारातून दिसणारं तुळशी वृंदावन. इथे खोली खोटी वाटत नाही, कारण सगळं आठ-दहा फुटांच्या आतलं आहे आणि चित्र याच पडद्यासाठी काढलेलं आहे. आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली, स्वतः उठून ट्यूब बंद केली आणि झोपाळ्याच्या एका फोटोसमोर कितीतरी वेळ बसून राहिली. "ही कडी तुझ्या मामाने वाकवली होती," म्हणाली. ती वाकलेली कडी साध्या फोटोत मला दिसलीच नव्हती.

कुणाला जुना थ्रीडी टीव्ही मिळत असेल तर घेण्याआधी थ्रीडी लावून, मान थोडी तिरपी करून बघा. घरातल्या प्रत्येकाला एकदा चष्मा घालून खोली कळते का ते विचारा. जमलं तर पॅसिव्ह घ्या. ॲक्टिव्हच घेणार असाल तर चष्मे किमान तीन मागून घ्या, आणि चार्जिंगवाल्यांपेक्षा बटन सेलवाले बरे, कारण इतक्या वर्षांत आतली बॅटरी मेलेली असते. माझ्या चष्म्याला सीआर २०२५ लागतो. घड्याळवाल्याकडे मिळतो. बघून झालं की सेल काढून ठेवा.