पाडव्याची पैठणी आणि एकशेवीस ग्रॅमचं पंचपाळं

वहिनींनी माझा पदर हातात घेतला, दोन बोटांत जरासा चोळला आणि उलटा केला. एवढंच. मग म्हणाल्या, "रंग खुलून दिसतोय गं तुला," आणि फराळाची ताटं लावायला आत गेल्या. पण पदर उलटा करून परत सोडेपर्यंतच्या त्या दोन-तीन सेकंदांत त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या होत्या. ते मी पाहिलं, आणि पुढचे तीन तास माझं लक्ष फराळात नव्हतं.

आधी हे सांगायला हवं की वहिनींचं, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंचं, माहेर येवल्याचं. शेजारीपाजारी माग. शाळेतून येताना त्या विणकरांच्या ओट्यावर बसून कांड्या, म्हणजे विणायच्या धाग्याच्या छोट्या नळ्या, भरायच्या. अशा बाईसमोर मी 'येवल्याची अस्सल हातमाग पैठणी' नेसून उभी होते आणि वर त्यांच्यासाठी 'शुद्ध चांदीचं' पंचपाळं घेऊन आले होते. दोन्ही एकाच ठिकाणाहून घेतलेलं. दोन्ही खोटं.

नाशिकला त्यांच्याकडे पाडव्याला दरवर्षी संध्याकाळी तीस-चाळीस माणसं जमतात. २०२५ च्या दिवाळीला, २२ ऑक्टोबरच्या पाडव्यासाठी, महिनाभर आधीच फर्मान आलं: यंदा बायकांनी पैठणी नेसायची. माझ्याकडे लग्नातली एकच पैठणी, तीही वांगी रंगाची, आणि घरातल्या प्रत्येक फोटोत आहे. शिवाय यजमानीणबाईंना काय न्यायचं हा दरवर्षीचा घोळ. सुक्या मेव्याचा डबा न्यायचा तर तो चार घरं फिरून भाऊबीजेला आपल्याच दारात परत येतो. म्हटलं, यंदा दोन्ही नीट करू. वहिनींना चकित करू.

चकित करायचं होतं म्हणूनच त्यांना विचारलं नाही. एक फोन केला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं.

ते पान मला फोनवर दिसलं. 'थेट विणकराकडून, मधले दलाल नाहीत.' व्हिडिओत माग, मागावर एक काका, मागे निळ्या भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर आणि चार-वीसवर अडकलेलं घड्याळ. ते घड्याळ लक्षात राहिलं, कारण व्हिडिओ दीड मिनिटाचा आणि काटा हलत नाही. रामा हिरवी, मुनियांचा, म्हणजे छोट्या पोपटांचा काठ, पदरावर मोर. मूळ किंमत १४,५०० आणि दिवाळीसाठी ६,८००. बोलणारी बाई अगदी घरच्यासारखी, "ताई, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवते हां." घरपोच आल्यावर पैसे देते म्हटलं तर, "ताई, सणात कुरिअरवाले तसं घेतच नाहीत." प्रतिक्रिया बंद करून ठेवलेल्या होत्या. खाली नुसते खूश गिऱ्हाइकांच्या संदेशांचे फोटो, सगळ्यांत तीच ती हसरी चिन्हं.

साडीचं ठरल्यावर तिनेच पंचपाळं दाखवलं. पाच वाट्या, मध्ये कडीला मोर, "१२० ग्रॅम, ९२५ चांदी, फक्त ४,२००, फक्त साडी घेणाऱ्या ताईंसाठी."

मी हिशेबाच्या खात्यात नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढते. त्या आठवड्यात चांदी किलोला दीड लाखाच्या वर होती, हे पेपरात रोज पहिल्या पानावर येत होतं. ९२५ म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदी. दीड लाखाने धरलं तरी १२० ग्रॅमचे नुसत्या धातूचेच साडेसोळा हजारांच्या वर होतात, घडणावळ वेगळी. हा गुणाकार मी तोंडी करू शकते. केला नाही. केला असता तर वस्तू हातची गेली असती, आणि मला ती हवी होती.

पार्सल पाडव्याच्या आदल्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आलं. चकल्या तळत होते. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून नुसतं 'येवला' आणि एक मोबाइल नंबर. पिनकोड मात्र ३९ ने सुरू होणारा. येवल्याचा पिनकोड ४२३४०१ आहे, ३९ म्हणजे गुजरात. हे मला नंतर, पाकीट कचऱ्याच्या डब्यातून परत काढल्यावर दिसलं. आत बिल नाही, एक छापील चिठ्ठी: 'पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसल्यास तक्रार स्वीकारली जाणार नाही.' पिठाचे हात असलेल्या बाईने कसला व्हिडिओ काढायचा? साडी चमकत होती. मला चमक जरा जास्तच वाटली, पण दिव्यांचा सण आहे, चमकू दे म्हटलं.

आता पाडव्याच्या रात्रीचं. पाहुणे गेल्यावर वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, ओट्यावर माझा पदर पसरला आणि शेजारी स्वतःचा धरला.

"कितीला घेतलीस?"

मी आकडा सांगितला. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

त्यांच्या पदरावरचा मोर मागून पुढून सारखाच होता. मागच्या बाजूने बघितला तरी मोरच, रंगही तेच. हातमागावर नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या बारीक कांडीने त्याच्या त्याच्या जागेपुरता भरतात, धागा तिथून वळवून परत आणतात, म्हणून मागे काही लोंबत नाही. माझ्या मोराच्या पाठीमागे कापलेल्या धाग्यांची झिपरी होती, लहान मुलाने कात्रीने केस कापावेत तशी. काही ठिकाणी धागे एका मोरापासून दुसऱ्यापर्यंत सरळ ओढत नेलेले. "बांगडी अडकली की हे उसवणार," वहिनी म्हणाल्या, आणि खरंच एक धागा तेवढ्यात माझ्या पाटलीत अडकला. मग त्यांनी पदराच्या दशीतला एक धागा ओढला आणि गॅसवर धरला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. माझ्या धाग्याचा वितळून काळा मणी झाला, कडक. वास प्लॅस्टिकचा.

एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क या दोन वेगळ्या खुणा आहेत. पहिली रेशीम शुद्ध असल्याचं सांगते, दुसरी कापड हातमागावर विणल्याचं. यंत्रमागावरची साडीही शुद्ध रेशमाची असू शकते, म्हणजे नुसतं सिल्क मार्कचं लेबल बघून हातमागाची किंमत मोजली तरी फसायला होतं. पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या मालापुरतं राखलेलं आहे, पण ते नाव कोणीही पानावर टाकू शकतं, आणि टाकतातच. माझ्या साडीवर यातलं काहीच नव्हतं. एक सोनेरी स्टिकर होता, त्यावर 'ओरिजिनल'.

हेही सांगते की सेमी पैठणीला, म्हणजे पैठणीसारख्या दिसणाऱ्या यंत्रमागावरच्या साडीला, माझी काही ना नाही. बाजारात ती याच नावाने मिळते, स्वस्त असते, दोन-चार समारंभांना छान दिसते. मला तीच साडी सेमी म्हणून दोन हजारांना दिली असती तर मी आनंदाने नेसले असते आणि वहिनींना तसं सांगितलंही असतं.

पंचपाळ्याबद्दल त्या रात्री कोणी काही बोललं नाही. भाऊबीज झाली, आम्ही ठाण्याला परतलो. आठवड्याने मीच फोन करून म्हटलं, "वहिनी, तेही एकदा दाखवून घ्या." त्या सराफ बाजारातल्या त्यांच्या नेहमीच्या सोनाराकडे घेऊन गेल्या. त्याने बुडाशी कानशीने जरा घासलं, आम्लाचा थेंब टाकला. थेंब हिरवा झाला. जर्मन सिल्व्हर. या नावात सिल्व्हर आहे, वस्तूत चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त, बस. बुडावर '९२५' ठोकलेलं होतं, पण नुसता आकडा कोणीही ठोकू शकतो. सोनार वहिनींना म्हणाला की हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची अधिकृत खूण, बघायचा तर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह बघा, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवरही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा स्वतंत्र ओळख क्रमांक येतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की वस्तूची माहिती दिसते. चांदीला हॉलमार्क सोन्यासारखा सक्तीचा नाही, त्यामुळे बिनहॉलमार्कची चांदी म्हणजे खोटीच असं नव्हे. पण मग ओळखीचा सोनार आणि शुद्धता, वजन लिहिलेलं पक्कं बिल तरी हवं. माझ्याकडे होती एक बोलघेवडी बाई आणि तिची हसरी चिन्हं.

इथपर्यंत अकरा हजार गेले होते. इथेच थांबले असते तर मी हे बहुधा लिहिलंच नसतं, गपचूप गिळलं असतं.

मी त्या बाईला रागाने संदेश पाठवला. वाटलं होतं, नंबर बंद करून टाकेल. उलट दहा मिनिटांत फोन, गयावया. "ताई, गोडाऊनवाल्याची चूक, माझी नोकरी जाईल, आत्ताच्या आत्ता पूर्ण पैसे परत करते." एक क्यूआर कोड आला. वर लिहिलेलं, 'परतावा ११,०००'. "हा स्कॅन करा आणि पिन टाका ताई, लगेच जमा." मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, कोणी ऐकू नये म्हणून आवाज दाबून बोलत होते. स्कॅन केला, पिन टाकला. जमा नाही झाले, अकरा हजार आणखी गेले.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. हे वाक्य मी स्वतः सासूबाईंना कागदावर लिहून त्यांच्या फोनच्या कव्हरमध्ये घालून दिलेलं आहे.

"सर्व्हर डाऊन आहे ताई, रात्रीपर्यंत दोन्ही रकमा येतील." मी रात्रीपर्यंत थांबले. पैसे येतील असं खरंच वाटत होतं म्हणून नाही, तर नवऱ्याला काय सांगायचं हे सुचत नव्हतं म्हणून. त्या पाच तासांत पैसे पुढच्या खात्यांत सरकले. रात्री नऊला सांगितलं. तो काहीही न बोलता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावून बसला. त्यांनी रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक विचारले आणि तक्रारीचा क्रमांक दिला. समोरच्या खात्यात उरलेले ३,१०० गोठवले गेले. पहिल्या तासात फोन केला असता तर किती वाचले असते, हा हिशेब मी आजवर मांडलेला नाही.

साडी आणि पंचपाळ्यासाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ग्राहक आयोगातही जाता येतं, २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या आयोगात, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण तक्रार करायची कोणाविरुद्ध? बिल नाही, जीएसटी क्रमांक नाही, पत्ता 'येवला'. ऑनलाइन विकणाऱ्याने नाव, पत्ता आणि तक्रार घेणाऱ्या माणसाचा संपर्क द्यायचा असतो, नियम २०२० पासून आहे. पैसे देण्याआधी मी हे मागितलं असतं तर ती बाई तिथेच गायब झाली असती, आणि मी ती वांगी पैठणी नेसून गेले असते.

वहिनींना नंतर विचारलं, त्या दिवशी आलेल्या भेटींत तुम्हाला काय आवडलं? त्यांनी विचारही केला नाही. त्यांची एक मैत्रीण तासभर आधी आली होती. येताना सगळ्या बायकांसाठी शेवंतीच्या वेण्या घेऊन, आणि आल्या आल्या ओच्याला हात पुसून पाणी भरायला लागली. "वेण्या कुठल्या, ती लवकर आली तेच," म्हणाल्या.

पंचपाळं त्यांनी फेकलं नाही. त्यात आता सेफ्टी पिना, टिकल्या, ब्लाउजचे हूक आणि परकराची नाडी ओवायची सुई असते. पाचवी वाटी रिकामी आहे. साडी माझ्याकडे, पुरावा म्हणून पिशवीत, जळक्या दशीसकट.

काल रात्री फोनवर एक नवं पान समोर आलं. नाव वेगळं, नंबर वेगळा. संक्रांतीसाठी काळी पैठणी, थेट विणकराकडून, फक्त ५,९९९, सोबत हलव्याचे दागिने मोफत. व्हिडिओत मागावर तेच काका, निळी भिंत, गणपतीचं कॅलेंडर. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.