लॉयलिस्ट अधिकाऱ्याचं कुटुंब शोधताना: आधी जमिनीचे अर्ज की भरपाईचे दावे?

लॉयलिस्ट म्हणजे अमेरिकन क्रांतियुद्धात ब्रिटिश राजाच्या बाजूने राहिलेले लोक. त्या बाजूने लढून कॅनडात गेलेल्या अधिकाऱ्यासाठी दोन मोठी दप्तरं आहेत. एक, अपर कॅनडा म्हणजे आजच्या ओंटारिओतले जमिनीचे अर्ज. दुसरं, लंडनने नेमलेल्या आयोगापुढचे, युद्धात गमावलेल्या मालमत्तेच्या भरपाईचे दावे. घरातली माणसं शोधायची असतील तर अर्जांपासून सुरुवात करा, आणि तीही मुलींच्या.

कॅनडाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर याच्या ९ नोव्हेंबर १७८९ च्या ठरावाने लॉयलिस्टाच्या मुलाला २१ व्या वर्षी २०० एकर जमीन मिळू लागली. मुलीला तेवढीच, पण २१ आधी लग्न झालं तर लग्नानंतर लगेच. अधिकाऱ्याच्या स्वतःच्या अर्जात हुद्दा आणि पलटण सापडते, बायकोमुलं बहुधा आकड्यापुरतीच. मुलीच्या अर्जात मात्र बाप, नवरा आणि टाउनशिप (जमीन मोजून आखलेला तालुक्यासारखा भाग) अशी तिन्ही नावं एकत्र मिळतात. अडचण एवढीच की सूचीत ती नवऱ्याच्या आडनावाखाली असते. म्हणून जावयांची आडनावं चर्चच्या नोंदी आणि मृत्युपत्रांतून आधी जमवून ठेवा.

कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीतून व्हॉल्यूम, बंडल, अर्ज आणि मायक्रोफिल्म हे चारही क्रमांक उतरवून घ्या. फिल्म हेरिटेज कॅनडियाना या संकेतस्थळावर आहे, पण तिथे नाव टाकून अर्ज सापडत नाही. व्हॉल्यूम आणि बंडल गाठून पानं उलटावी लागतात. क्रमांकापुढे ए, बी असेल तर ती जोडपत्रं: शपथपत्र, दाखले. आणि शेवटचं पान सोडू नका. घडी घातल्यावर बाहेर राहणाऱ्या त्या बाजूवर शेरा असतो: जमीन मंजूर करणाऱ्या कौन्सिलपुढे अर्ज कधी वाचला, किती एकर मंजूर. पुष्कळ जण फक्त पुढचं पान उतरवतात आणि निकाल तिथेच राहून जातो.

दावे लंडनच्या क्यू इथल्या अभिलेखागारात आहेत. तिथल्या एओ १२ या दप्तर-क्रमांकाखाली आयोगाच्या वह्या, एओ १३ खाली मूळ कागद, दोन्ही पाहा. युद्धापूर्वीचं गाव, शेत, गुरं, घर यांची किंमत आणि शेजाऱ्यांच्या साक्षी इतक्या बारकाईने दुसरीकडे मिळणं कठीण. किंमत न्यूयॉर्कच्या पौंडात असेल तर तिथल्या १६ पौंडांना ९ ब्रिटिश (स्टर्लिंग) पौंड धरा. मुलांची नावं मात्र इथे क्वचितच, आणि दावा सगळ्यांनीच केला नव्हता.

अर्जाच्या तारखेवरून जन्म किंवा लग्नाचं वर्ष ठरवू नका; त्या दिवशी मुलगी पात्र होती एवढंच ती सांगते, कित्येकींनी फार उशिरा अर्ज केले. मिळालेला लॉट (जमिनीचा तुकडा) म्हणजे राहतं ठिकाण असंही नाही, कारण हक्क सर्रास विकले जात. सारख्या नावाच्या दोन अधिकाऱ्यांत घोळ झाला तर पलटणीवरून वेगळे करा: एक बटलर्स रेंजर्सचा, दुसरा किंग्ज रॉयल रेजिमेंट ऑफ न्यूयॉर्कचा.

युद्धापूर्वीची वसाहतच ठाऊक असेल आणि कॅनडातली टाउनशिप नसेल, तर क्रम उलटा करून दाव्यांपासून निघा. कुटुंब न्यू ब्रन्सविकला उतरलं असेल तर अपर कॅनडाची सूची बाजूला ठेवून त्या प्रांताच्या अभिलेखागारातले जमिनीचे अर्ज काढा.