एमएक्स-५ ची मागची चाकं सरळ केली : पॉली बुश, नवे कॅम बोल्ट आणि अलाइनमेंट, सगळ्याचा रिव्ह्यू

गाडी माझदा एमएक्स-५, २००१ ची एनबी (म्हणजे दुसरी पिढी), १.८ लिटर, कोव्हेंट्रीत असते आणि तीन वर्षं झाली माझ्याकडे येऊन. घेतली तेव्हापासून एक गोष्ट खटकायची. सरळ रस्त्यावर गाडी सरळच जायची पण स्टीअरिंग जरासं उजवीकडे वळलेलं असायचं, आणि ओल्या रस्त्यावर राउंडअबाउटमधून बाहेर पडताना डावीकडे वळलं की मागची बाजू एकदम हलकी होऊन सरकायची. उजवीकडे वळताना असलं काहीच नाही, गाडी रुळावरून चालल्यासारखी. तेव्हाच ट्यूब पेटायला पाहिजे होती, पण मला वाटलं टायरच जुने झालेत.

म्हणून चार नवीन टायर टाकले आणि त्याच दुकानात ट्रॅकिंग करून घेतलं. इथे ट्रॅकिंग म्हणजे फक्त पुढच्या दोन चाकांचा टो (वरून बघितलं तर चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय ते), मागे कोणी बघतही नाही. पैसे घेतले, स्टीअरिंग तसंच वाकडं. परत गेलो तर म्हणाले जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच. नाव घेत नाही दुकानाचं, पण हे उत्तर मला अजिबात पटलं नाही. सहा महिन्यांत उजव्या मागच्या टायरची आतली कड गुळगुळीत झाली, बाहेरची मात्र नव्यासारखी.

बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ते म्हणाले, "मागच्या चाकांचं कसलं रे अलाइनमेंट?" त्यांचंही बरोबर आहे, त्यांच्याकडे स्विफ्ट आहे, मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम, तिथे ॲडजस्ट करायला काही ठेवलेलंच नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात अलाइनमेंट म्हणजे पुढचीच चाकं. पण एमएक्स-५ ला चारही कोपऱ्यांत डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी धरलेलं, आणि मागच्या प्रत्येक लोअर आर्मला आतल्या टोकाला दोन कॅम बोल्ट आहेत. कॅम बोल्ट म्हणजे ज्याच्यावर चकती मधोमध न बसवता जरा बाजूला बसवलेली असते तो, बोल्ट फिरवला की आर्मचं टोक आत किंवा बाहेर सरकतं. दोन्ही टोकं एकाच बाजूला सरकवली तर कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय ते) बदलतो, एक आत आणि एक बाहेर नेलं तर टो. इतकं साधं आणि इतकं सुंदर काम केलंय माझदाच्या लोकांनी, खरंच. टोयोटा जीटी८६ वाल्या मित्रांना विचारा, त्यांना मागे टो मिळतो पण कॅम्बर पाहिजे तर बाहेरचे ॲडजस्टेबल आर्म विकत घ्यावे लागतात.

मग फोर व्हील अलाइनमेंट करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये नेली. त्याने आधी पेट्रोल किती आहे विचारलं, टायरची हवा बघितली, माझं वजन विचारून ड्रायव्हरच्या सीटवर तेवढ्या वजनाच्या पिशव्या ठेवल्या आणि मग चाकांना मोजणीचे टार्गेट लावले. रिपोर्टमध्ये मागचा डावा टो ६ मिनिटं आत, उजवा २४ मिनिटं बाहेर (एक मिनिट म्हणजे डिग्रीचा साठावा भाग). म्हणजे मागची दोन्ही चाकं उजवीकडे बघत होती, थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं गाडीला सरळ रेषेपासून किती तिरकी ढकलतात तो कोन, १५ मिनिटं. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती आणि ते सांभाळायला मी तीन वर्षं स्टीअरिंग उजवीकडे धरत होतो. कॅम्बर डावा उणे १ डिग्री १० मिनिटं, उजवा उणे २ डिग्री १० मिनिटं, उणे म्हणजे चाकाची वरची बाजू आत कललेली. टायरची आतली कड का गेली ते कागदावरच दिसलं. डावीकडे वळताना सगळा भार उजव्या चाकावर येतो आणि तेच चाक बाहेर तोंड करून, मग मागची बाजू सरकणार नाही तर काय.

त्याने पाना लावून दाखवला. बोल्टचं डोकं थोडं फिरलं आणि हात सोडल्यावर परत जागेवर आलं. आर्मच्या टोकात दणके सोसायला जो रबराचा गोल तुकडा असतो तो बुश, बोल्ट त्याच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला, फिरत होतं ते फक्त रबर. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याचा हा प्रताप. तो म्हणाला बोल्ट मोकळे करून आण, तोपर्यंत मी फक्त चेक केल्याचेच पैसे घेतो. असा प्रामाणिक माणूस मिळायला नशीब लागतं.

सामान मागवलं ते असं, मागच्या लोअर आर्मच्या आतल्या बाजूचे पॉवरफ्लेक्स कंपनीचे जांभळे पॉली (पॉलीयुरेथेनचे) बुश, म्हणजे त्यांची रस्त्यावरच्या गाड्यांसाठीची सिरीज, आणि चार नवे ओरिजिनल कॅम बोल्ट, चकत्या आणि नटांसकट. पॉवरफ्लेक्स निवडायचं मुख्य कारण म्हणजे त्यांच्या आतल्या नळ्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत. बोल्ट जाम होण्याचं मूळच त्या लोखंडी नळीत आहे.

जुनं काढताना मात्र घाम निघाला. तीन दिवस पेनिट्रेटिंग ऑइल मारत होतो, काही उपयोग नाही. नाशिकचा एक मित्र मदतीला आला होता, तो तासभर माझी धडपड बघून म्हणाला, "अरे सोड, काप सरळ!" मग बुश आणि सबफ्रेमच्या (आर्म जिला जोडलेले असतात ती खालची चौकट) ब्रॅकेटच्या मधल्या बारीक फटीत रेसिप्रोकेटिंग सॉ घालून प्रत्येक बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला, चार बोल्ट, आठ काप, सहा ब्लेडं गेली. रबर जळल्याचा वास दोन दिवस गॅरेजमध्ये होता. ब्रॅकेटला पातं लागू द्यायचं नाही एवढं एकच सांभाळा, बोल्ट नवा मिळतो, सबफ्रेमची जागा खराब झाली तर काम फार वाढतं. आर्म काढून जुने बुश प्रेसवर दाबून काढले, ब्रॅकेट वायर ब्रशने घासून रंग दिला आणि नवे बोल्ट परत जाम होऊ नयेत म्हणून अँटी-सीझ पेस्ट लावून बसवले.

पॉली बुशचा एक फायदा फारसं कोणी सांगत नाही. ओरिजिनल रबर बुश आतल्या नळीला चिकटवलेला असतो, त्यामुळे गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा नट आवळावा लागतो, हवेत आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पॉली बुश नळीवर मोकळा फिरतो, त्यामुळे ती भानगडच नाही.

परत त्याच वर्कशॉपला गेलो. कॅम दोन बोटांनी फिरवल्यासारखे फिरत होते. आता मागे दोन्हीकडे कॅम्बर उणे १ डिग्री ३० मिनिटं, टो प्रत्येकी ८ मिनिटं आत, थ्रस्ट अँगल शून्य, पुढे कॅम्बर उणे १ डिग्री आणि टो शून्य. मागे कॅम्बर पुढच्यापेक्षा थोडा जास्त ठेवला म्हणजे पकड सुटायची वेळ आली तर आधी पुढची चाकं सुटतात, रस्त्यावर तेच सुरक्षित. ट्रॅकवर नेणारे वेगळं सेटिंग ठेवतात, मला तसं नको होतं.

फरक पहिल्याच राउंडअबाउटला कळला, पाऊस पडत होता, डावीकडे बाहेर पडलो आणि गाडी नुसती वळली, बस. स्टीअरिंग मधोमध. मी गाडी बाजूला लावून दोन मिनिटं बसून राहिलो, इतकं बरं वाटलं. मागे खड्ड्यांचा दणका आधीपेक्षा थोडा जास्त जाणवतो, पॉली रबरापेक्षा कडक असतं त्यामुळे ते होणारच, पण गाडी खडखडत नाही.

सामान आणि दोन्ही वेळचं अलाइनमेंट मिळून ४५० पाउंडांच्या आसपास गेले, मजुरी आमचीच. पाचपैकी पाच, बुशला पण आणि त्या वर्कशॉपला पण. जुनी एनबी घेणार असाल तर सिल (दारांखालचा पत्रा) कुजलेत का ते बघताना मागच्या या चार बोल्टांनाही पाना लावून बघा, डोकं फिरून परत येत असेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.

४,००० मैल झालेत आता. डाव्या बाजूच्या एका बुशला मी ग्रीस कमी लावलं होतं बहुतेक, थंडीत सकाळी स्पीड ब्रेकरवरून जाताना कुरकुर येते, येत्या रविवारी तो आर्म उतरवून परत ग्रीस भरणार आहे. बोल्ट निघतील या वेळी.