किलाउएआ इकी ट्रेल: हेलिकॉप्टर सोडा, बूट घाला

हवाईला जाणाऱ्या आपल्या लोकांचा ठरलेला प्लॅन म्हणजे बीच, बीच, आणि ज्वालामुखीला अर्धा दिवस, त्यातही व्ह्यू पॉइंटला गाडी लावायची, फोटो मारायचे की चला पुढे. ज्यांना जरा खर्च करायचाय ते हेलिकॉप्टर बुक करतात. माझं म्हणणं, बिग आयलंडवर, म्हणजे हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावर गेलात तर हवाई व्होल्केनोज नॅशनल पार्कमधला, किलाउएआ इकी नावाच्या ज्वालामुखी विवरात उतरणारा ट्रेल चालूनच या, लाव्हा वरून बघण्यात अर्धी मजा जाते. पार्कचं तिकीट गाडीमागे 30 डॉलर, सात दिवस चालतं, कॅश घेत नाहीत तेवढं लक्षात ठेवा.

सगळा फेरा साधारण सव्वापाच किलोमीटर, उतार-चढ 120 मीटरच्या आसपास. सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही. ओव्हरलुकपासून (विवराच्या काठावरचा व्ह्यू पॉइंट) घड्याळाच्या उलट दिशेनं सुरू करा म्हणजे आधी कड्यावरचं जंगल लागतं, डोक्याच्या वर जाणारी नेच्याची झाडं, ओहिआची लाल फुलं, सगळं ओलं गच्च, आणि मग दगडी पायऱ्या उतरता उतरता एकदम हिरवं संपतं आणि समोर काळं सपाट मैदान. हे मैदान म्हणजे 1959 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधलं लाव्हाचं तळं. तेव्हा विवराच्या भिंतीतल्या एका तोंडातून लाव्हाची कारंजी उडत होती, सगळ्यात उंच 580 मीटर, आणि त्यातून पडलेल्या राखेखड्यांची टेकडी, पुउ पुआई, अजून तिथंच बाजूला उभी आहे. तळं वरून गोठलं पण आतला रस पूर्ण घट्ट व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. म्हणजे आपल्यापैकी बरेच जण शाळेत होते तेव्हा या कातळाखाली अजून वितळलेला दगड होता, हे चालताना डोक्यात ठेवा, मजा वाढते.

आता मुख्य गोष्ट. खाली आल्यावर घाई करू नका, एके जागी बसा आणि दगड बघा. पाहोएहोए प्रकारचा लाव्हा आहे, वरचा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला, त्याच्या वळ्या कुठल्या दिशेला वाकल्यात त्यावरून रस कुठून कुठे वाहिला ते कळतं. तुटलेल्या कडेला आतली भोकं दिसतात, वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले, आणि नीट बघितलं तर मधेमधे ऑलिव्हिन या खनिजाचे बारीक हिरवे दाणे चमकतात. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटणार, कारण आपला कातळ पण असाच लाव्हा, फक्त 6.6 कोटी वर्षं जुना. आपल्याकडच्या या काळ्या कातळातली, बेसाल्टमधली भोकं पुढे पाणी मुरून मुरून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या पांढऱ्या स्फटिकांनी भरली, पुणे-नाशिक-जळगावकडच्या खाणीत निघतात तेच. इथली अजून रिकामी आहेत. मला विचाराल तर एवढं बघण्यासाठीसुद्धा तिकीट वसूल.

मैदानात जागोजागी भेगा आहेत, काही ठिकाणी वाफ येते, पावसानंतर जास्त, कारण पाणी भेगांतून खाली गरम दगडापर्यंत जातं. हात फार जवळ नेऊ नका, भाजतं. वाट दाखवायला दगडांच्या रचलेल्या खुणा आहेत, त्यांना ते लोक आहू म्हणतात, त्या धरूनच चाला आणि हौस म्हणून स्वतःच्या नव्या रचू नका, धुक्यात मागचा माणूस चुकतो.

बुटांबद्दल. घसारा फारसा नाही, लाव्ह्यावर ग्रिप उलट जबरदस्त मिळते, पण कडा काचेसारख्या धारदार, पडलात की तळहात आणि गुडघे सोलून निघणार. बंद बूट, फुल पँट. सँडल-फ्लोटर घालून उतरणारे टुरिस्ट दिसतील, त्यांचं बघून करू नका. ट्रेलच्या सुरुवातीला बूट घासायचे ब्रश असतात ते नक्की वापरा, ओहिआच्या झाडांना मारणारी बुरशी मातीतून पसरते.

कमी म्हणाल तर खाली सावली नाही, पाणी नाही, टॉयलेट नाही. उंची 4000 फुटांच्या आसपास, त्यामुळे एकाच फेऱ्यात ऊन, धुकं, पाऊस तिन्ही मिळू शकतं, रेनकोट बॅगेत पाहिजेच. पार्किंग लहान आहे, सकाळी लवकर पोचा. शेवटचा चढ वळणावळणाचा आहे, दमवतो पण जंगलातून असल्यानं बरा, आणि वर आलात की शेजारीच नाहुकु नावाची लाव्हाची गुहा, ती लगेच बघून घ्या. दम्याचा त्रास असेल तर ज्वालामुखीच्या गॅसचा त्या दिवशीचा अंदाज बघूनच जा. डिसेंबर 2024 पासून शेजारच्या किलाउएआ ज्वालामुखीच्या मुख्य विवरात अधूनमधून लाव्हाची उंच कारंजी सुरू झालीयेत, तेव्हा जायच्या आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर ट्रेल उघडा आहे की बंद ते तपासा.

खिशात दगड घालून आणू नका. पार्कमध्ये मनाई आहेच, शिवाय तिथल्या लोकांसाठी ते ज्वालामुखीच्या पेले देवीचं घर आहे. पाचपैकी साडेचार, अर्धा पार्किंगसाठी कापला. आईबाबा सोबत असतील आणि गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना खाली नेऊ नका, ओव्हरलुकवरून अख्खं मैदान दिसतं आणि तळाशी मुंग्यांएवढे आपण चाललेलो पण दिसतो, फक्त त्यांना जॅकेट देऊन ठेवा, वर वारा फार सुटतो.