कार्बोरेटर की इंजेक्शन? लॉन ट्रॅक्टर घेणाऱ्यांसाठी

विस्कॉन्सिनमध्ये एकरभर जागेचं घर घेतलं की ढकलून गवत कापायचा मोअर दोन आठवड्यांत नकोसा होतो आणि बसून चालवायचा ट्रॅक्टर बघायला आपण दुकानात जातो. पात्यांचा डेक किती इंचांचा, हॉर्सपॉवर किती, हे तिथला माणूस न विचारताही सांगतो. एक गोष्ट मात्र आपणच विचारावी लागते: इंजिन कार्बोरेटरचं की फ्युएल इंजेक्शनचं, म्हणजे त्याला पेट्रोल कशातून मिळतं? माझ्याकडे आधी कार्बोरेटरचा ट्रॅक्टर होता, आता इंजेक्शनचा आहे. गवत दोन्हींनी सारखंच कापलं जातं. फरक किल्ली फिरवताना कळतो.

सुरू करण्याआधीची तयारी दोन्हींना एकच. ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन थंड, मग ऑइलची पट्टी पुसून पातळी बघायची. पेट्रोलही इंजिन थंड असतानाच भरायचं. वरच्या जाळीवर अडकलेलं गवत काढायचं, आणि हिवाळ्यानंतर पहिल्यांदा चालू करताना कव्हरच्या आत नीट डोकवायचं. उंदरांना ती उबदार जागा फार आवडते, आणि त्यांच्या घरट्यानं हवेचा रस्ता बंद झाला की इंजिन तापून खराब होतं. गॅरेजमध्ये इंजिन तापवत ठेवू नये, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बहुतेक ट्रॅक्टरना मागे बायपासचा दांडा असतो, तो ओढला की चाकं मोकळी होतात आणि ट्रॅक्टर हातानं बाहेर ढकलता येतो. मग दांडा परत जागेवर सारून सीटवर बसायचं, ब्रेक दाबायचा, पात्यांचा स्विच बंद आहे ना ते बघायचं आणि किल्ली फिरवायची.

कार्बोरेटरची मुख्य बदनामी हिवाळ्यामुळे झाली आहे. ऑक्टोबर संपता संपता ट्रॅक्टर आत जातो तो एप्रिल-मेपर्यंत हलत नाही. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि जेटचं बारीक भोक बुजतं. पण याला उपाय आहे. शेवटच्या टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं रसायन) घालून इंजिन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे ते पेट्रोल वाटीपर्यंत पोचतं. नाहीतर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. आमच्याकडे काही पंपांवर इथेनॉल नसलेलं प्रीमियम मिळतं, शेवटची टाकी मी त्याचीच भरतो. १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल स्वस्त दिसलं तरी या इंजिनांत घालू नये. शिळं पेट्रोल इंजेक्शनलाही मानवत नाही, आणि त्याचा पंप किंवा इंजेक्टर बदलायचा तर खिशाला चांगलाच चटका बसतो. त्यामुळे नीट काळजी घेणाऱ्यानं केवळ हिवाळ्याच्या भीतीनं इंजेक्शन घ्यावं, असं मला वाटत नाही.

माझा निर्णय झाला तो भर जूनमध्ये, अर्धवट तापलेल्या इंजिनामुळे.

गवत कापताना माणूस सलग बसून राहत नाही. मेपलची फांदी पडलेली असते, मुलांचा बॉल असतो, पिशवी भरते. दर वेळी पाती थांबवायची, ब्रेक लावायचा, इंजिन बंद करून किल्ली काढायची आणि मगच उतरायचं. हीच सवय बरोबर आहे. पण पाच-दहा मिनिटांनी परत येऊन बसलं की कार्बोरेटरचं इंजिन धड गारही नसतं आणि धड गरमही नसतं. चोक ओढला तर ओव्हर होतं, प्लग ओले होतात, पेट्रोलचा वास येतो. चोक न ओढता बघितलं तर नुसता स्टार्टर घरघरतो. अर्धा चोक द्यावा म्हटलं, तर तो अर्धा नेमका कुठे, ते रोजच्या हवेप्रमाणे बदलतं. ओव्हर झालंच तर चोक पूर्ण आत ढकललेला, थ्रॉटल पूर्ण वर, आणि स्टार्टर एका वेळी पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही; मध्ये त्याला गार होऊ द्यायचं. जुन्या चेतकला आडवी करून मग किक मारणाऱ्यांना ही आराधना ओळखीची वाटेल.

आराधनेचा मला कंटाळा नव्हता. त्रास वेगळाच होता: असं इंजिन बंद करायला हात धजत नाही. ‘एवढी फांदी तर उचलायची आहे, राहू दे चालू,’ असं मन म्हणायला लागतं. माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद करणाऱ्या सीट स्विचची वायर परस्पर जोडून टाकलेले ट्रॅक्टर मी पाहिले आहेत, आणि माझ्या मते त्यांच्यामागे आळसापेक्षा हेच कारण जास्त असावं. फिरत्या पात्यांजवळ असलं मन नको.

इंजेक्शनला चोकच नाही. इंजिन किती तापलंय ते सेन्सर बघतो आणि पेट्रोल त्या मानानं सुटतं. माझा ट्रॅक्टर गार असो, कोमट असो, किल्लीसरशी लागतो. त्यामुळे चेंडूसाठीसुद्धा मी बेलाशक इंजिन बंद करतो.

त्याच्या खोडीही आहेत. किंमत काहीशे डॉलर जास्त. बॅटरी ढिली असलेली त्याला खपत नाही, कारण पंप आणि कंप्युटर दोन्ही तिच्यावरच चालतात. म्हणून हिवाळाभर मी तिला छोट्या चार्जरवर ठेवतो. आणि बिघाड झाला तर पाना घेऊन आपण फारसं काही करू शकत नाही, डीलरकडेच न्यावं लागतं. कार्बोरेटर खोलून, साफ करून परत बसवणं शनिवारच्या दुपारी जमण्यासारखं आहे. ज्यांना त्यात आनंद आहे, ज्यांचं अंगण मोकळं, झाडं कमी आणि एका बैठकीत काम उरकतं, त्यांनी पैसे वाचवावेत. पण झाडं असतील, मुलं असतील, किंवा घरात ट्रॅक्टर चालवणारं आणखी कोणी असेल, तर माझा कल इंजेक्शनकडे आहे.

वापरलेला घेणार असाल तर विकणाऱ्याला ‘आधी सुरू करून ठेवू नका’ असं फोनवरच सांगा आणि गेल्यावर इंजिनाला हात लावून बघा. गारच असलं पाहिजे. मग थोडा वेळ चालवून बंद करा, दहा मिनिटं गप्पा मारा आणि पुन्हा किल्ली फिरवा. शेवटी इंजिन चालू आणि पाती फिरती ठेवून, पाय फूटबोर्डवरच ठेवत सीटवरून जरासे उठा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. नाही पडलं, तर सीट स्विचची वायर कुणीतरी जोडलेली असावी, नाहीतर स्विच बिघडलेला असावा.