हातपंख्याची भट्टी आणि कमानीचा पाटा: दिवाळी ते पोळा वापरल्यानंतरचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल पाहिजे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. घरच्या घरी कोळशाच्या भट्टीत शेतीची हत्यारं आणि सुऱ्या घडवायच्या असतील तर भट्टीला हवा देणारा पंखा चांगला घ्या, ऐरणीवर पैसे घालू नका आणि सुरी सगळ्यात शेवटी करा. बाकीचं सवडीनं वाचा.

मी वणी तालुक्यातला कापूस-तुरीचा शेतकरी. मोबाइलवर सुऱ्या घडवणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून गेल्या दिवाळीनंतर कोठ्यामागच्या मोकळ्या जागेत ही मांडामांड केली. व्हिडिओतल्या लोकांकडे गॅसची भट्टी, वीज-घण आणि पट्ट्याचं मोठं ग्राइंडर असतं. आपल्याकडे घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर असल्या कामाला वापरणं नियमात बसत नाही आणि १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर छंदाला परवडत नाही. म्हणून कोळसा. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, खालून लोखंडी पाइप, पाइपाला हाताने फिरवायचा पंखा, बस. पाइप मात्र जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे नळाचा जीआय, आगीजवळ लावू नका. जस्त साधारण ९०७ अंशाला उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. साधा काळा पाइप भंगारात मिळतो, तोच घ्या.

आता पंखा. मला तो तीन हजारांच्या आसपास पडला आणि सगळ्या सामानात पैसे वसूल झाले ते यातच. आत दातेरी चाकं असतात, दांडी सावकाश फिरवली तरी पातं जोरात फिरतं. विजेचा ब्लोअर स्वस्त मिळतो, पण तो हवा सतत फेकत राहतो. तुम्ही ऐरणीवर ठोकत असता आणि तिकडे कोळसा उगाच जळत असतो. भट्टीत विसरलेला तुकडा तर बघता बघता फुलबाजीसारखा तडतडायला लागतो. तसा तडतडला की पोलाद जळालं, तो तुकडा कशाच्याच कामाचा नाही. हातपंख्याचं बरं, हात थांबला की हवा थांबली. शिवाय गावात लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही. पाणी द्यायच्या, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात विझवून कडक करायच्या, ऐन वेळी ब्लोअर बंद पडला तर सगळी मेहनत पाण्यात.

इतक्या महिन्यांनंतर त्याच्या तक्रारीही आहेत. दांडीचा स्क्रू सैल होतो, दर दोन-तीन बैठकांनंतर आवळावा लागतो. गिअरच्या डब्यातून तेल पाझरतं, ते बंद होत नाही, वरून थोडं घालत राहायचं. सोबत आलेला पत्र्याचा पाय हलका आहे, तो जमिनीत रोवलेल्या लाकडाला बांधला तरच पंखा जागेवर राहतो. गावातल्या लोहारकाकाजींनी फिरवून पाहिला. त्यांच्याकडे अजून चामड्याचा भाता आहे. ‘हवा बरी हाय, पण भात्यासारखा दम नाई’ एवढंच बोलले. त्यांचं खरं आहे. भात्याची हवा दाबून, लांब येते आणि आग खोल जाते. पण चामडं शिवून देणारा माणूस आज शोधून सापडत नाही.

कोळशाबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, कारण आमचा तालुका दगडी कोळशावरच बसलाय. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणी शेताच्या बांधावरून दिसतात, मग लाकडी कोळसा कशाला? कारण हा कोळसा वीजकेंद्राच्या कामाचा आहे. त्यात राख फार आणि तो कोक होणारा, म्हणजे भाजून बिनधुराचं कडक जळण बनणारा, नाही. भट्टीत घातला की आधी पिवळा धूर, मग तळाला राख वितळून खंगराचे गोळे. ते हवेचं भोक बुजवतात आणि तापलेल्या लोखंडाला चिकटतात. मी दोन पोती वापरून सोडून दिला. बाभळीचा लाकडी कोळसा स्वच्छ जळतो, धूर नाही, राख हलकी. खोट एवढीच की संपतो लवकर आणि ठिणग्या फार उडवतो. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडलीय. म्हणजे आपल्याकडे हा उद्योग अडीच हजार वर्षांहून जुना, आणि तोही लाकडी कोळशावरच चालायचा.

घेताना एक काळजी घ्या. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात लाकडी कोळसा हा वनोपजच धरलाय, जंगलातून आणला असो वा नसो. पोतीच्या पोती गाडीत घालून नेताना नाक्यावर कागद विचारला जातो. मी पावती देणाऱ्या दुकानदाराकडूनच घेतो. आणि पावसाळ्याआधी घेऊन ठेवा. ओला कोळसा फटफट फुटतो आणि डोळ्याकडे येतो.

विस्तवात लोखंड कुठे ठेवायचं हे कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. पंख्याच्या भोकाजवळ, तळाला ठेवलं तर हवा थेट लागते, वरचा थर पापुद्र्यांनी झडून जातो आणि पात्याच्या पृष्ठभागातलं कार्बनही जळतं. भोकावर किमान वीतभर कोळसा पाहिजे आणि लोखंड त्याच्या मधोमध, आडवं. रंग नारिंगी-पिवळा झाला की काढायचं, गडद लाल व्हायच्या आत ठोकणं थांबवायचं. थंड झालेलं ठोकत राहिलं तर आत चिरा पडतात आणि त्या थेट पाणी देताना दिसतात. काकाजींचं वाक्य मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय: ‘धीर धर ना बाप्पा, लोखंड काई पळून जात नाई.’

ऐरणीचं थोडक्यात. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ऐरणी बहुतेक बिडाच्या असतात. हातोडा मारला की उसळत नाही, थाप बसल्यासारखा आवाज येतो आणि कडेचे टवके उडतात. माझ्या मावसभावाने एका विक्रेत्याकडून मागवलेलीचं शिंग महिन्याभरात तुटलं, आणि विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. बेअरिंगचा छर्रा वरून सोडून बघा, चांगल्या ऐरणीवर तो टणकन उसळतो. अनेकजण रेल्वेरुळाचा तुकडा सुचवतात. तो कामाला उत्तम, पण १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली चोरीचा वाटेल असा रूळ जवळ सापडला तर तो कायदेशीरपणे मिळवल्याचं दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. भंगारवाल्याकडून कागदाशिवाय घेऊ नका. मी यंत्राच्या जाड शाफ्टचा तुकडा उभा करून बाभळीच्या ओंडक्यात अर्धा रोवलाय. तळहाताएवढी जागा आहे ठोकायला, आणि तेवढी पुरते. हातोडा दीड किलोच्या आतला ठेवा, नाहीतर कोपर धरतं.

पोलाद म्हणजे कमानीचा पाटा, गाडीच्या चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी. भंगारात किलोवर मिळतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा पाटा जाड असतो, एकट्या माणसाला तो पातळ करता करता दिवस मावळतो. जीप किंवा छोट्या मालवाहू गाडीचा पातळ पाटा बघा. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग टाकून द्या, तिथे जुन्या चिरा असतात. सळाखीची सुरी करू नका. तिच्यात कार्बन कमी, कितीही पाणी द्या, धार बसत नाही. जुनी कानस उलट, तिच्यात कार्बन खूप, म्हणून कडक होते पण नवख्याच्या हातात काचेसारखी तुटते. कुठलंही अनोळखी पोलाद असलं तर बोटाएवढा तुकडा तापवून तेलात विझवायचा आणि शिकंज्यात धरून हातोडा मारायचा. वाकला तर सोडा. तटकन तुटला आणि आतला कण बारीक, राखाडी दिसला तर कामाचा.

आता पाणी देणं, म्हणजे या सगळ्या खटाटोपातला खरा भाग. ठोकून आकार कुणालाही देता येतो. धार टिकते ती इथे.

काकाजी इळ्याला पाणी देतात तेव्हा फक्त धारेकडची बोटभर पट्टी लाल करतात. धार तेवढी पाण्यात बुडवतात आणि लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासतात. घासलेल्या चकाकीवर पाठीतली उरलेली ऊब धारेकडे सरकू लागते आणि रंग धावतात: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. तपकिरी धारेला पोचला की सगळं पातं पाण्यात. पिवळ्याला थांबलं तर धार कडक पण खडा लागला की टवका जातो. निळ्याला गेलं तर टवका जात नाही पण धार लवकर मरते. हे सगळं चार-पाच श्वासांत होतं. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही.

माझी पद्धत संथ आहे, आणि कमानीच्या पाट्याला तीच बरी. हे पोलाद तेलात विझवायचं असतं. पाण्यात टाकलं की बऱ्याचदा बारीक ‘टिक’ ऐकू येतो, तो चिरेचा आवाज. आधी पातं तीन वेळा लाल करून हवेतच थंड होऊ द्यायचं, म्हणजे ठोकण्याने आलेला ताण निघतो. मग जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक हाताशी ठेवायचं. साधारण ७७० अंशाला लोखंड चुंबकाला चिकटत नाही. तिथे थांबायचं नाही, अजून एक छटा उजळ होऊ द्यायची, कारण या पोलादाला ८३० ते ८५० अंश लागतात. हे काम उन्हात होत नाही, रंग दिसतच नाही. दिवस कलल्यावर, कोठ्याच्या अंधाऱ्या बाजूला करा. तेल कोमट पाहिजे, ५०-६० अंश. पुस-माघात त्यासाठी तापलेली सळई तेलात बुडवावी लागते, मे महिन्यात आमच्याकडे ते काम ऊनच अर्धंअधिक करून ठेवतं. इंजिनचं जळकं तेल फुकट मिळतं पण त्याचा धूर विषारी. मी साधं सोयाबीन तेल वापरतो. डबा लोखंडी, झाकण जवळ, आणि बाजूला पाणी नव्हे तर वाळूची बादली. पेटलेल्या तेलावर पाणी टाकायचं नसतं.

तेलातून काढल्यावर कानस फिरवून बघायची. घसरली तर पातं कडक झालं. अशा अवस्थेत ते हातून फरशीवर पडलं तरी तुटू शकतं, म्हणून त्याच संध्याकाळी ओव्हनमध्ये २०० अंशाला दोन तास, थंड करून परत दोन तास. घरचा केकचा ओव्हन चालतो, तेल आधी नीट पुसलं असेल तर. आमच्याकडे यावरून एकदा बोलणी बसली, तेव्हापासून वेगळा जुना ओव्हन घेतलाय.

सुरी शेवटी करा असं म्हणतो त्याचं कारण इथेच आहे. डवऱ्याची (कोळप्याची) पास म्हणजे पातं, खुरपं, इळा ही हत्यारं चूक सहन करतात. थोडी वाकडी झाली, पाणी कमी-जास्त झालं, तरी काळ्या मातीत चालतात, आणि दुसऱ्याच दिवशी शेतात नेऊन कळतं की धार किती वेळ टिकली. सुरी पातळ असते. तिथे प्रत्येक ठोका दिसतो, तेलात बुडवताना जरा तिरपी गेली की पातं पिळतं. माझा हात बसला तो खुरप्यांवर. सुऱ्या त्यानंतर केल्या, त्यातल्या दोन चांगल्या आहेत. घरात मात्र वापर होतो तो मी पुन्हा पाणी दिलेल्या पावशीच्या (विळीच्या) पात्याचा. सुरीबद्दल सौभाग्यवतींचा अभिप्राय असा की कांदा कापला की काळी पडते आणि पावसात रात्रीतून गंजते. दोन्ही खरं. हे स्टेनलेस नाही. वापरली की पुसायची आणि तेलाचं बोट फिरवायचं.

मुठीला धावडा मिळाला तर दुसरं काही बघू नका. कुऱ्हाडीच्या दांड्याला आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. फक्त पूर्ण वाळलेला घ्या. वर जवसाचं तेल छान बसतं, पण त्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेते. उघडी पसरून वाळवा.

मापाचंही बघा. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेली त्यातून वगळलीत, म्हणून इळ्या-कोयत्याला अडचण नाही. पण व्हिडिओ बघून पोरं खंजीर आणि तलवारी मागायला येतात. मी सरळ नाही म्हणतो.

जागेचा विचार भट्टी मांडण्याआधी करा. आपल्या आवारात पऱ्हाटीचा ढीग असतो, कुटार असतं, कधी कापूसही. लाकडी कोळशाची ठिणगी पंधरा-वीस फूट सहज जाते. माझी भट्टी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तीन बाजूंनी पत्रा, आणि वारा सुटला की त्या दिवशी काम बंद. अंगात सुती कपडे, पायात बंद बूट, डोळ्याला चश्मा. नायलॉनचा शर्ट अंगाला चिकटतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर असतो, तेव्हा पहाटे पाच ते सात एवढीच वेळ.

आता उरलेली रडगाणी. घासाई. हाताच्या ग्राइंडरने धारेचा उतार दोन्ही बाजूंनी सारखा येत नाही आणि जरा जास्त दाबलं की कड निळी पडते, म्हणजे दिलेलं पाणी उतरलं. त्यामुळे शेवटचं सगळं मी कानशीने आणि पाण्याच्या दगडावर करतो. एका सुरीला ठोकण्यापेक्षा तिप्पट वेळ तिथे जातो. पट्ट्याचं ग्राइंडर घ्यावं का? वर्षाला चार सुऱ्या करणाऱ्याने घेऊ नये असं माझं मत. तेवढ्या पैशात चार वर्षांचा कोळसा येतो.

पोळ्याच्या आधी गावातली मंडळी पास पाजवायला माझ्याकडे आणायला लागली. त्यांना काकाजींकडे पाठवतो. त्यांचं पोट त्यावर आहे, माझं नाही. घाई असली आणि ते बाहेरगावी गेले असले तरच हात लावतो, तोही फक्त पासेला. कुऱ्हाडीला अजून नाही. तिचं तोंड जोडायला दोन लोखंडं एकमेकांत मुरवावी लागतात, ते तापमान माझ्या ड्रमच्या भट्टीत नीट चढत नाही. त्यासाठी दिवाळीनंतर मातीची खोल भट्टी बांधायची आहे. पंखा हाच राहील.