चार वायरींचा सेन्सर आणि एपॉक्सीने बुजवलेलं भोक

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला फ्युएल इंजेक्शनचा ईसीयू (म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारी संगणकी पेटी) बसवून देतो म्हणणारे कसे गंडवतात, हे जाणकारांना नव्याने सांगायला नको. तरीही मी गंडलो. ठरलेल्या रकमेतले 70 टक्के आगाऊ गेले, 20 टक्के पेटी बसल्यावर. राहिलेले 10 गाडी नीट चालल्यावर द्यायचे होते. शेवटी दिले ते 105 टक्के. हिशोब चुकलेला नाही, पुढे कळेल.

विक्रेत्याने ‘आमचं स्वतःचं डिझाइन’ म्हणून काळी सीलबंद पेटी दिली. यूएसबीचं भोक एपॉक्सीने बुजवलेलं. कारण काय, तर ‘ओलावा शिरू नये’. ज्या पेटीला लॅपटॉप लावता येत नाही तिचं ट्यूनिंग कोण आणि कसं करणार? तिथेच उठून यायला हवं होतं.

पण खरी सल वेगळीच आहे. किल्ली फिरवली की पेट्रोलच्या पंपाने 2-3 सेकंद गुणगुणून गप्प बसायचं असतं. ईसीयू रिलेमार्फत (म्हणजे विजेच्या स्विचमार्फत) पेट्रोलच्या लाइनमध्ये दाब भरतो आणि क्रँकचा, म्हणजे इंजिन फिरू लागल्याचा, सिग्नल येईपर्यंत पंप बंद ठेवतो. इथे पंप थांबायचं नावच घेईना. ‘प्राइम होतोय (दाब भरतोय),’ विक्रेता म्हणाला. पाच मिनिटं प्राइम! पंप सरळ इग्निशनवर जोडला होता. अपघातात इंजिन बंद पडलं तरी 3 बार दाबाने पेट्रोल ढकलतच राहणार. हे माझ्या कानांनी ऐकलं आणि मी मान डोलावली. बचावाला एवढंच, की तेव्हा नजर पुलीवर होती. 36-1 दातांचं चाक (36 दातांच्या जागा, त्यातला एक गाळलेला; त्यावरून ईसीयूला इंजिनाची स्थिती कळते) नीट चालतंय का, सेन्सरची फट साधारण 1 मिमी आहे का, हे बघत होतो. ते बरोबर होतं. एक काम चोख करून दाखवलं की उरलेलं कोण तपासतो?

लॅम्डा सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण ओळखणारा, ‘वाइडबँड’ (प्रमाणाचा नेमका आकडा देणारा) म्हणून बिलात होता. बॉशच्या एलएसयू 4.9 या वाइडबँडमधून पाच वायरी निघतात आणि कनेक्टरला सहा पिना असतात. माझ्या एक्झॉस्टवर चार वायरींचा साधा नॅरोबँड निघाला, जो प्रमाण 14.7 (एका भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा) च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो. डॅशवरचा पडदा मात्र आयडलला 14.7, चढावर पूर्ण थ्रॉटलला 14.7. पूर्ण थ्रॉटलला 12.5 ते 13 च्या आसपास यायला हवं. ज्या काट्याला हलणंच माहीत नाही तो काटा नव्हे, स्टिकर आहे. वायरी मोजा. दोन हात लागत नाहीत त्याला.

इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे नोझल, मिनिटाला 550 सीसीचे. 100 अश्वशक्तीच्या चार सिलिंडरला हिशोब सोपा: 100 गुणिले 0.5 (दर अश्वशक्तीला तासाला लागणारं पेट्रोल, पौंडांत), भागिले (4 इंजेक्टर गुणिले 0.8, कारण इंजेक्टर 80 टक्केच वेळ उघडा धरायचा), म्हणजे दर इंजेक्टरला सुमारे 15.6 पौंड प्रति तास, साधारण 165 सीसी प्रति मिनिट. तिपटीहून मोठा इंजेक्टर आयडलला इतका थोडा वेळ उघडतो की मोजमाप भरवशाचं राहत नाही. प्लग काळे, पेट्रोलचा वास. ‘पुढे टर्बो लावाल तेव्हा उपयोगी.’ कार्ब्युरेटरचा कमी दाबाचा होजच (पेट्रोलचा रबरी पाइप) 3 बारवर चढवलेला. पाइपवर एसएई जे30आर9 हे इंजेक्शनच्या होजचं मानक छापलेलं नसेल तर इंजिन सुरूच करू देऊ नका.

गाडी धडपडत चालायची. मॅपची (कधी किती पेट्रोल द्यायचं त्या तक्त्याची) फाइल मागितली, तर ‘आमचं बौद्धिक श्रम आहे’ म्हणत 15 टक्के जादा मागितले. दिले, कारण 90 आधीच अडकले होते. अडकलेला माणूस असाच देतो, हसू नका. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. वरच्याच ओळींत सही: स्पीडुइनो. म्हणजे मुक्त स्रोताचा प्रकल्प, ज्याचा आराखडा कोणालाही फुकट मिळतो. तो वापरला याचं दुःख नाही, तो चांगला आहे. पण सिलिंडरांच्या रकान्यात 6! माझ्या गाडीला 4 आहेत. 16 गुणिले 16 च्या तक्त्यातले 256 आकडे इस्त्री केल्यासारखे गुळगुळीत. डायनोवर (गाडीची शक्ती मोजायच्या यंत्रावर) फिरलेल्या मॅपला उंचवटे असतात, खड्डे असतात.

मग तक्रारीची वारी. पोलीस म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी मामला. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच संमतीने पाठवलेत. ग्राहक तक्रार कक्षात तज्ज्ञाचा अहवाल आणा म्हणतात, आणि अहवाल देणारा तज्ज्ञ पेटी उघडल्याशिवाय लिहिणार नाही. पेटी उघडली की विक्रेता म्हणणार, सील तोडलंत, हमी संपली. एका साहेबांनी तर उलट विचारलं, या फेरफाराची परवानगी घेतली होती का? फसवणूक माझी आणि आरोपीही मीच. वाइडबँडला वायरी किती हे चार टेबलांवर समजावलं, चारही जणांनी मोबाइलकडे बघत ऐकलं.

पेटी जोडण्याआधी गाडीचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते) तपासा. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत आणि उलट जोडणीने ईसीयू क्षणात जळतो. रेझिस्टर प्लग (आत रोध असलेले स्पार्क प्लग) नसतील तर ठिणगीचा गोंगाट पेटी रीसेट करत बसतो. इंजिन बंद असताना किल्ली ऑन करून मॅप सेन्सर (हा मॅप वेगळा: इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) वाचा, समुद्रसपाटीला 100 केपीएच्या (किलोपास्कलच्या) आसपास. थंड इंजिनावर पाण्याचं आणि हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. फाइल आणि यूएसबी हातात आल्याशिवाय आगाऊच्या पुढे दमडी नाही.

काल निरोप आला: ‘साहेब, राहिलेले 10 टक्के कधी?’